नांदेडचे दखनी शीख

दक्षिण अमेरिकेंत ब्राझील देशाच्या साव पावलो ह्या अवाढव्य शहरांत लिबर्दादे नांवाची एक पेठ आहे. तेथें रस्त्यावर तांबड्या रंगाचें जपानी धाटणीचें तोरण उभें आहे, दिव्यांचे खांब जपानी कंदिलांच्या घाटाचे आहेत आणि दुकानांच्या पाट्यांवर पोर्तुगीज अक्षरांशेजारीं जपानी अक्षरें दिसतात. १८ जून १९०८ रोजीं 'कासातो मारू' नांवाचें जहाज सान्तोस बंदराला लागलें आणि त्यांतून ७८१ जपानी माणसें उतरलीं. कॉफीच्या मळ्यांत कांहीं वर्षें राबावें, चार पैसे गांठीं बांधावे आणि मायदेशीं परतावें, असा त्यांतील बहुतेकांचा बेत होता. तो तडीस गेला नाहीं. मुलें तेथेंच वाढलीं, नातवंडें पोर्तुगीज बोलूं लागलीं, आणि परत जाण्याची गोष्ट सणासुदीला आजोबांच्या तोंडीं तेवढी उरली. त्याच खंडांत, अर्जेंटिनाच्या उत्तरेस साल्ता प्रांतांत, विसाव्या शतकाच्या आरंभीं रेल्वेच्या व साखरेच्या कामावर गेलेल्या पंजाबी शिखांचीही एक लहानशी वस्ती आहे. रोसारिओ दे ला फ्रोंतेरा नांवाच्या गांवीं त्यांचा गुरुद्वारा आहे.

असल्या हकीकती सातासमुद्रांपलीकडच्या म्हणून मोठ्या कुतूहलानें ऐकल्या जातात. परंतु मराठी माणसाला त्यासाठीं जहाजांत बसण्याचें कारण नाहीं. साव पावलोला पहिला जपानी उतरला त्याच्या बरोबर दोनशें वर्षें आधीं, इसवी सन १७०८ मध्यें, गोदावरीच्या कांठीं नांदेड येथें अशाच एका परमुलखी वस्तीचें बीज पडलें. तें रुजलें, वाढलें, आणि आज तीनशें वर्षांनंतर त्या झाडाला पंजाबचें म्हणावें कीं मराठवाड्याचें, हा प्रश्न खुद्द त्या झाडाखालीं बसणारांनाही अधूनमधून पडतो.

१७०७ सालीं औरंगजेब बादशहा अहमदनगरजवळ मरण पावला आणि त्याच्या मुलांत तख्तासाठीं लढाई जुंपली. थोरला बहादूरशहा विजयी झाला. तथापि धाकटा कामबक्ष हैदराबादेंत पाय रोवून बसलेला होता. त्याचें पारिपत्य करण्यासाठीं बादशहा दक्षिणेंत उतरला. ह्या स्वारीबरोबर शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंग हेही आपल्या कांहीं अनुयायांसह येत होते. त्यांचा जन्म पाटण्याचा, आयुष्य गेलें पंजाबच्या डोंगराळ प्रदेशांत, चारही पुत्र मोंगलांशीं झालेल्या संघर्षांत बळी पडलेले. अशा स्थितींत हा पुरुष नांदेडला येऊन पोंचला. नांदेड हें तेव्हांही जुनें गांव होतें. नदीचा प्रशस्त घाट, वर मठमंदिरें, आणि दक्षिणोत्तर येणाऱ्याजाणाऱ्या फौजांच्या मुक्कामाला सोयीची मोकळी जागा.

त्या घाटावर माधोदास नांवाच्या एका बैराग्याचा मठ होता. गुरु व बैरागी यांची भेट झाली, आणि त्या भेटींत बैरागी शीख झाला. तोच पुढें बंदासिंग बहादूर ह्या नांवानें प्रसिद्धीस आला. गोदातीरावरून निघून त्यानें पंजाब गांठला, १७१० सालीं सरहिंद घेतलें, आणि १७१६ सालीं दिल्लीस त्याचा वध झाला. नांदेडच्या मठांतून उठलेल्या एका माणसानें मोंगली सत्तेला एवढा धक्का द्यावा, ही गोष्ट मराठी इतिहासाच्या पुस्तकांत एकदोन ओळींत आटोपली जाते, हें कांहीं योग्य म्हणतां येत नाहीं.

बंदासिंग गेला, गुरु मात्र गेले नाहींत. सरहिंदच्या सुभेदारानें पाठविलेल्या मारेकऱ्यानें त्यांच्यावर वार केला असें शीख परंपरा सांगते. जखम भरत आली असतां पुन्हा उघडली आणि ऑक्टोबर १७०८ मध्यें नांदेडासच त्यांनीं देह ठेविला. यापुढें देहधारी गुरु नाहीं, ग्रंथ हाच गुरु, ही व्यवस्था त्यांनीं येथेंच लावून दिली. शीख धर्मांतील ही सर्वांत मोठी घटना अशी पंजाबांत न घडतां मराठी मुलखांत घडली. बादशहाची छावणी हैदराबादेकडे सरकली, बरोबरचे बहुतेक लोक परतले, आणि समाधिस्थानाची सेवा व लंगर चालविण्यासाठीं थोडी मंडळी मागें राहिली. ती थोडी मंडळी म्हणजे नांदेडच्या शीख वस्तीची पहिली पिढी. त्यांना येथें कोणी कामावर आणलें नव्हतें, कीं जमीन देऊं म्हणून बोलाविलें नव्हतें. एक जागा सोडवेना म्हणून तीं माणसें राहिलीं. साव पावलोच्या मजुरांत आणि ह्यांत हा पहिला फरक.

पुढचीं सव्वाशें वर्षें ही वस्ती लहानच होती. तिला खरें बळ आलें तें एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत. लाहोरास महाराजा रणजितसिंगांचें राज्य भरभराटींत होतें, तर हैदराबादेस निजामाचा दिवाण राजा चंदुलाल कारभार पाहत होता. चंदुलाल जातीचा खत्री, नानकपंथावर श्रद्धा ठेवणारा. दोन दरबारांमधील ह्या धाग्यानें दोन गोष्टी घडून आल्या. पहिली ही कीं, १८३२ ते १८३७ ह्या काळांत रणजितसिंगांनीं नांदेडास आजचें दुमजली मंदिर बांधविलें. त्यासाठीं पंजाबांतून कारागीर आले. दुसरी गोष्ट ही कीं, निजामाच्या चाकरींत शिखांची एक वेगळी फौज उभी राहिली. लाहोराहून आलेली म्हणून लोक तिला लाहोरी फौज म्हणत. वसुलीचा बंदोबस्त, खजिन्याची रखवाली, बंडखोर जमीनदारांना वठणीवर आणणें, असलीं कामें तिच्याकडे असत. हैदराबादेस तिची छावणी होती आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तिचे शिपाई विखुरलेले होते.

शिपाई म्हटला कीं तो एकटा येतो. पंजाब दोन हजार किलोमीटरांवर, रेल्वे नाहीं, वाटेंत दहा राज्यें. सुटी घेऊन गांवीं जावें आणि बायकामुलांना घेऊन यावें ही गोष्ट कितीकांना जमणार? बहुतेकांनीं येथल्याच मुलींशीं, त्यांना शीख पंथाची दीक्षा देऊन, संसार थाटले. ह्या संसारांतून जी प्रजा झाली तीच दखनी शीख. तिचे वडील पंजाबचे आणि आई दक्खनची, आणि मुलाची बोली कोणती व्हावयाची हें आईवर ठरतें. दाराबाहेर पगडी, कडें आणि कृपाण यांची शिस्त कडक राहिली; परंतु चुलीपाशीं दक्खन आली. ज्वारीची भाकरी परकी राहिली नाहीं. कचेरींत उर्दू, कारण ती निजामाची सरकारी भाषा, बाजारांत मराठी, कीर्तनांत गुरुमुखींतील वाणी, आणि घरांत ह्या सर्वांची सरमिसळ. पंजाबांतून यात्रेला आलेला एखादा जाट शेतकरी नांदेडच्या शिखाशीं बोलूं लागला, म्हणजे वेष ओळखीचा आणि बोलणें अनोळखी असा चमत्कारिक अनुभव त्याला येतो. नांदेडकराची पंजाबी त्याला पुस्तकी किंवा मोडकी वाटते, आणि त्याच माणसाची मराठी ऐकून पुण्याचा प्रवासी थक्क होतो, कारण ती अस्सल मराठवाडी, हेल काढून बोललेली असते.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. परदेशीं गेलेली माणसें बोली लवकर विसरतात, परंतु धर्मविधि सहसा सोडीत नाहींत. उलट मायदेशीं ते विधि बदलले तरी हीं माणसें जुनेंच धरून बसतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांत, म्हणजे सचखंड श्रीहुजूरसाहिब येथें, हें पदोपदीं दिसतें. अजून पहांट व्हावयाची असतांना एक सेवेकरी गोदावरीवर जातो आणि गागर भरून डोक्यावरून पाणी आणतो. त्या पाण्यानें आंतल्या स्थानाची सेवा होते. सायंकाळीं दिवे ओवाळून आरती होते, आणि नंतर गुरूंचीं म्हणून जतन केलेलीं शस्त्रें एकेक करून भाविकांना दाखविलीं जातात. ग्रंथसाहिबाच्या बरोबरीनें दशमग्रंथाचेंही येथें पूजन होतें. दिवाळीच्या सुमारास तख्ताचें स्नान असतें. त्या दिवशीं लहानथोर, बायाबापड्या नदीपर्यंत रांगा लावतात, घागरीमागून घागरी वर येतात, आणि सारी वास्तु गोदावरीच्या पाण्यानें धुवून निघते. वर्षभर पेटींत राहणारीं शस्त्रेंही त्याच वेळीं साफसूफ होतात.

दसरा आणि होळी ह्या दोन दिवशीं तर शहराचा नूर पालटतो. निशाण पुढें निघतें, निळ्या झग्यांतले निहंग तलवारी परजीत चालतात, आणि गुरूंच्या नांवानें राखलेले घोडे पाठीवर स्वार न घेतां, सजवून, लगाम धरून नेले जातात. ठराविक जागीं पोंचल्यावर अरदास होते आणि मग 'हल्ला' होतो; म्हणजे सारा समुदाय जयघोष करीत एकदम धांवत सुटतो. बघ्यांनीं भिंतीला पाठ लावून उभें राहावें हें उत्तम. मराठी माणसाला ह्या सोहळ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा आणि दसऱ्याला सीमोल्लंघन हें त्याच्या रक्तांतच आहे. दोन लढाऊ समाजांच्या चाली येथें इतक्या जवळ आल्या आहेत कीं, कोणी कोणाकडून काय घेतलें याचा निवाडा करणें अवघड व्हावें.

परंतु ह्याच चालींवरून एक जुना वाद आहे आणि तो क्षुल्लक नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं पंजाबांत सुधारणेची मोठी चळवळ झाली. १९२० सालीं अमृतसरास शिरोमणि गुरुद्वारा प्रबंधक समिति स्थापन झाली, १९२५ सालीं गुरुद्वाऱ्यांचा कायदा झाला, आणि १९४५ सालीं आचारांची एक संहिता मान्य करण्यांत आली. दिवे ओवाळून आरती करणें हें त्या संहितेला संमत नाहीं. तिच्या मतें तो बाहेरून शिरलेला प्रकार. नांदेड मात्र तेव्हां इंग्रजी पंजाबांत नव्हतें. तें निजामाच्या राज्यांत होतें, आणि सुधारणेची ती लाट तेथवर पोंचलीच नाहीं. म्हणून अमृतसरचा विद्वान् नांदेडास येऊन म्हणतो कीं, येथें हिंदूंच्या शेजारानें पंथांत भेसळ झाली. हुजुरी माणूस त्याला उत्तर देतो कीं, भेसळ नव्हे. पूर्वीं पंजाबांतही असेंच होत असे, तुम्हीं तें टाकलें आणि आम्हीं राखलें. पाटण्याच्या तख्तावरही आरतीची चाल आहे, हा मुद्दा तो आपल्या बाजूनें पुढें करतो. शिखांचीं तख्तें पांच. त्यांपैकीं तीन पंजाबांत आणि पाटणा व नांदेड हीं दोन बाहेर. बाहेरच्या दोघांनीं एकच चाल राखावी आणि घरच्या तिघांनीं ती सोडावी, ह्यांतून काय निष्पन्न होतें हें ज्यानें त्यानें ठरवावें. परंतु हुजुरी पक्षाचा युक्तिवाद केवळ हट्टाचा नाहीं एवढें म्हणणें भाग आहे.

साव पावलोच्या जपानी लोकांवरही असाच प्रसंग आला. १९९० सालीं जपानांतील कायदा बदलला आणि परदेशस्थ जपान्यांच्या नातवंडांना तेथें कामासाठीं जाण्याची मुभा मिळाली. हजारों लोक गेले. त्यांतील ज्यांना जपानी येत होती त्यांची भाषा आजोबांच्या खेड्यांतली, जुन्या वळणाची. तोक्योच्या माणसाला ती ऐकून हंसूं येई. चेहरा जपानी, चालरीत ब्राझिलची, आणि भाषा पन्नास वर्षांपूर्वींची. ज्या घराच्या आठवणीवर तीन पिढ्या जगल्या त्या घरीं गेल्यावर आपण पाहुणे आहोंत असें कळावें, हा धक्का लहान नव्हे. नांदेडचा शीख अमृतसरला जातो तेव्हां त्याचीही कमीअधिक हीच गत होते. एका बाबतींत मात्र तो जपान्यांपेक्षां सुदैवी. जपान्याला ब्राझिलांत देऊळ नव्यानें बांधावें लागलें. नांदेडच्या शिखाच्या दारांत पंजाबच आपण होऊन यात्रेला येतो.

हा व्यवहार एकाच दिशेनें झाला असेंही नाहीं. नांदेडहून फार दूर नसलेलें नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मगांव म्हणून प्रसिद्ध आहे. नामदेव उत्तरेंत गेले आणि पंजाबांत गुरुदासपूर जिल्ह्यांत घुमान येथें त्यांचें दीर्घकाळ वास्तव्य झालें असें मानतात. ग्रंथसाहिबांत त्यांचीं एकसष्ट पदें समाविष्ट आहेत. म्हणजे गुरु गोविंदसिंग दक्षिणेंत येण्याच्या कितीतरी आधीं एक मराठी शिंपी पंजाबांत जाऊन राहिला होता, आणि त्याची वाणी घेऊनच ग्रंथ नांदेडास आला. २०१५ च्या एप्रिलमध्यें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलें, तेव्हां महाराष्ट्रांतून आगगाड्या भरून माणसें तेथें गेलीं. संमेलनाला इतक्या लांब जाण्याचें कारण काय म्हणून कुरकुर झालीच. कुरकुरीवांचून मराठी संमेलन होत नाहीं.

नांदेडच्या शिखांचे दिवस पालटले ते १९४८ सालीं. सप्टेंबर महिन्यांत हिंदी सैन्य हैदराबाद संस्थानांत शिरलें, पांच दिवसांत निजामानें शरणागति पत्करली, आणि त्याबरोबर शंभर वर्षांची जुनी फौजेची चाकरी संपली. बापजाद्यांपासून तलवार बांधणाऱ्याला आतां पोट भरण्याची दुसरी विद्या शिकणें प्राप्त झालें. कोणी मालमोटारी चालवूं लागला, कोणी त्या दुरुस्त करूं लागला, कोणी खाणावळ काढली, कोणी शेती धरली. पुष्कळांचा आधार गुरुद्वाराच राहिला. त्याच सुमारास गुरुद्वाऱ्याच्या कारभाराचाही प्रश्न निघाला. हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यांत जाण्याच्या अगदीं तोंडावर, १९५६ सालीं, हैदराबादच्या विधानसभेनें नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठीं स्वतंत्र कायदा केला आणि सतरा सभासदांचें मंडळ नेमण्याची तरतूद केली. त्यांत स्थानिकांबरोबर अमृतसरच्या समितीचेही प्रतिनिधि आले. मूळ घर आणि परमुलखींचें घर यांच्यामधील हिशेब अशा रीतीनें कायद्याच्या कलमांत लिहिला गेला.

त्या कलमांवरून पुढें वेळोवेळीं तंटे झाले. त्यांतला एक फार जुना नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें ह्या कायद्याच्या जागीं नवा कायदा आणण्याचें ठरविलें, आणि मंडळाचे बहुतेक सभासद सरकारनें नेमावे अशी योजना त्यांत होती. नांदेडांत निदर्शनें झालीं, अमृतसरहून निषेध आला, आणि सरकारला विधेयक थांबवावें लागलें. आरतीच्या प्रश्नावर ज्यांचें एकमेकांशीं पटत नाहीं ते दोघेही ह्या वेळीं एका बाजूला उभे होते. घरांतलें भांडण घरांत, बाहेरचा आला कीं दार बंद, ही रीत सर्वत्र सारखीच. तथापि केवळ तेवढेंच म्हणून विषय सोडतां येत नाहीं. ज्या देवस्थानाच्या उत्पन्नावर व प्रतिष्ठेवर एका सबंध समाजाचें जिणें उभें आहे, त्याचा कारभार त्या समाजाच्या हातीं किती असावा, ह्याचें समाधानकारक उत्तर १९५६ सालींही मिळालें नव्हतें. स्थानिकांचीं मतें किती, अमृतसरचीं किती, सरकारचीं किती, ह्या वांटणींत नांदेडच्या सामान्य शीख कुटुंबाचा आवाज सर्वांत क्षीण राहतो.

२००८ सालीं ग्रंथाला गुरुपद मिळाल्यास तीनशें वर्षें पूर्ण झालीं. त्या सोहळ्यासाठीं नांदेडचा कायापालट झाला. केंद्र सरकारच्या नगरविकास योजनेंतून पैसा आला, रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, यात्रेकरूंसाठीं निवास उठले, विमानतळाला गुरु गोविंदसिंगांचें नांव मिळालें. गांवाची सोय झाली यांत शंका नाहीं. मंदिराच्या भोंवतालच्या गल्ल्यांतील जुनीं दाटीवाटीचीं घरें मात्र त्यांत गेलीं. ज्या ओट्यांवर पंजाबी, दखनी आणि मराठी गप्पा एकत्र चालत, ते ओटे गेल्याची रुखरुख जुन्या रहिवाशांच्या बोलण्यांत येते.

यात्रेकरु आणि रहिवासी हे दोन वेगळे लोक आहेत, हें नांदेडला जसें २०२० सालीं उमगलें तसें पूर्वीं कधीं उमगलें नसेल. मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें देशभर टाळेबंदी झाली, गाड्या थांबल्या, आणि पंजाबांतून आलेले सुमारें चार हजार यात्रेकरु नांदेडांत अडकून पडले. एक महिन्याहून अधिक काळ ते तेथें होते. त्यांच्या जेवणाचा भार लंगरानें उचलला. गांव बंद, दुकानें बंद, परंतु चुली बंद झाल्या नाहींत. एप्रिलच्या अखेरीस बसगाड्यांतून ते पंजाबला परतले आणि तेथें तपासणींत कित्येकांना लागण झाल्याचें आढळलें. मग ही लागण नांदेडला झाली, वाटेंत झाली, कीं पंजाबांत पोंचल्यावर झाली, ह्यावरून दोन्ही राज्यांत वादावादी झाली. नांदेडच्या शिखांना ती विशेष लागली. पाहुण्याला महिनाभर जेवूं घालावें आणि पाहुणा घरीं गेल्यावर दुखण्याचें खापर यजमानाच्या माथीं फुटावें, ह्याहून कडवट प्रसंग कोणता? पुढच्याच वर्षीं, २९ मार्च २०२१ रोजीं, सांथीच्या कारणानें होळीच्या मिरवणुकीला मनाई असतां जमाव अडथळे मोडून बाहेर पडला आणि कांहीं पोलीस जखमी झाले. त्याचा दोष ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे जावा. परंतु 'हल्ला' कधीं चुकूं द्यावयाचा नाहीं हें व्रत त्या समाजाला किती जीवाभावाचें आहे हें न जाणतां कारभार करूं गेलें, तर असे प्रसंग टळणार नाहींत.

ह्या सर्वांत वस्तीचा रोजचा जीवनक्रम मात्र शांतपणें चालू असतो. मुलें मराठी किंवा इंग्रजी शाळेंत जातात; १९८१ सालीं निघालेलें अभियांत्रिकी महाविद्यालयही गुरु गोविंदसिंगांच्याच नांवाचें आहे आणि त्यांत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतलीं मुलें शिकून बाहेर पडतात. नव्या पिढीची अडचण निराळी आहे. आजोबांना उर्दू येत होती, ती आतां कोणाला नको. गुरुमुखी लिपि मुद्दाम शिकवावी लागते, नाहींतर ग्रंथ समोर असून वाचतां येत नाहीं. आणि मराठी तर शेजारांत, बाजारांत, कचेरींत, सर्वत्र. ब्राझिलांत १९३८ नंतर सरकारनें सक्तीनें परभाषी शाळा बंद पाडल्या, म्हणून जपानी मागें पडली. नांदेडांत तशी सक्ति कोणीच केली नाहीं. जें झालें तें शेजारधर्मानें झालें. सक्तीविरुद्ध माणूस उभा राहूं शकतो. शेजाऱ्याच्या ओट्यावरून सहज कानावर पडणाऱ्या भाषेविरुद्ध कोण उभा राहणार?

अमृतसरहून निघालेली सचखंड एक्सप्रेस नांदेडच्या स्थानकांत येते. वाटेंत कांहीं स्थानकांवर ह्या गाडीच्या उतारूंना लंगराचें अन्न विनामूल्य वाढलें जातें. ही चाल इतर कोणत्या गाडीला असल्याचें ऐकिवांत नाहीं. डबे रिकामे होतात. मोठमोठ्या गाठोड्यांसह पंजाबची मंडळी खालीं उतरतात आणि बाहेर उभ्या असलेल्या रिक्षांकडे वळतात. एखाद्या रिक्षेवर पगडीवाला दिसला कीं साहजिकच तेथें गर्दी होते. पंजाबी म्हातारा बसतांना विचारतो, "सरदारजी, तुम्ही पंजाबांत कुठले?" रिक्षावाला म्हणतो, "इथलाच, नांदेडचा." म्हातारा पुन्हा विचारतो, "तें झालें, पण मूळ गांव कोणतें?" रिक्षावाला तेंच उत्तर पुन्हा देतो, आणि यात्री निवासांतल्या खोल्या संपण्याच्या आंत पोंचावयाचें म्हणून गाडी चालू करतो.